मुठीत मावणारा वारा

गाडी आतून साफ करायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला दुकानात गेलं की खोक्यावर सगळ्यांत ठळक दिसतो तो एक आकडा. अमुक हजार पास्कल, नाहीतर तमुक वॉट. दुकानदारही त्यावरच बोट ठेवतो. तो आकडा घडीभर बाजूला ठेवावा, यंत्र हातात घ्यावं आणि आधी त्याचं तोंड निरखावं. ज्यांनी हे यंत्र मन लावून घडवलंय त्यांचं कसब तिथून दिसायला लागतं, आणि ज्यांनी ते नुसतंच बाजारात आणलंय त्यांचं पितळही तिथेच उघडं पडतं.

आकडा बहुधा खरा असतो, पण अपुरा. पास्कलचं माप घेतात ते तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे यंत्रातून हवा जराही वाहत नसताना. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल. त्यातले आठेक किलोपास्कल यंत्राने आत कमी केले की बंद तोंडावर तेवढी ओढ जाणवते. तोंड सताड उघडं ठेवलं तर उलटं होतं. हवा भरपूर वाहते, ओढ मात्र जवळजवळ संपते. कचरा उचलला जातो तो या दोन टोकांच्या मधे, जिथे ओढही आहे आणि वाहतीही हवा आहे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे हवेची खरी ताकद, आणि ढोबळ हिशेबाने ती सर्वांत जास्त भरते ती दोन्ही आपापल्या कमाल आकड्याच्या निम्म्यावर असताना. चांगला रचनाकार तोंडाची रुंदी, आतली वाट, फिल्टरचा पसारा हे सगळं असं जुळवतो की सीटच्या कापडावर तोंड टेकताच यंत्र नेमकं त्या मधल्या जागी येतं. हात पुढे ओढला की कापड किंचित उचललं जातं आणि लगेच सुटतं. चिकटून बसत नाही, निसटतही नाही. ती पकड पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा कुणीतरी खूप विचार करून ठेवलाय हे कळतं.

आता जोडतोंडांकडे वळू. समजा एक छोटं यंत्र सेकंदाला सहा लिटर हवा ओढतंय. रुंद तोंड आठ सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर रुंद असेल तर त्यातून हवा सेकंदाला सहा मीटर वेगाने आत जाते. तारकर्लीहून किंवा गणपतीपुळ्याहून परतल्यावर पायांबरोबर गाडीत आलेली वाळू डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या मिलिमीटरचा कण हवेत सेकंदाला चारेक मीटर वेगाने खाली येतो, एक मिलिमीटरचा सातेक मीटरने. कण वर न्यायचा तर हवेचा वेग त्याहून जास्त हवा. म्हणजे रुंद तोंडाने बारीक वाळू उचलली जाईल, जाड कण तिथेच लोळत राहतील. आता तेच यंत्र, पण तीन सेंटिमीटर बाय अर्ध्या सेंटिमीटरचं चपटं तोंड लावून. अरुंद वाटेमुळे हवा सहाऐवजी चारच लिटर जाते असं धरलं तरी वेग निघतो सेकंदाला सत्तावीस मीटर, ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ. मोटर तीच, वीज तीच. फक्त दाराची मापं बदलली आणि लोळणारा जाड कण उडून आत गेला. एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यात ही करामत आहे, म्हणून त्याला खोक्यातली फुकटची भर समजू नये.

त्या चपट्या तोंडाचं टोक जवळून बघा. चांगल्या यंत्रात ते सरळ कापलेलं नसतं, तिरकं असतं, आणि कडेला एखादी खाच दिलेली असते. सरळ कापलेलं टोक सपाट जागी बसलं की झाकण लागल्यासारखं बंद होतं आणि हवा थांबते. तिरक्या टोकाला एक बाजू कायम उघडी राहते. तिथून हवा आत शिरते आणि शिरताना कोपऱ्यातला दाणा उचलून नेते. पुढच्या सीटखालच्या रुळावर हे टोक फिरवून पाहावं. रुळाला वंगण असतं, वंगणात वाळू रुतते, आणि सीट पुढेमागे करताना तीच वाळू धातूला घासत राहते. तिरकं टोक रुळाच्या कडेने, वंगणाला न लागता, सरळ मागच्या बोल्टापर्यंत सरकतं. कडकड असा दाण्यांचा आवाज नळीतून वर येतो. मला या यंत्राच्या सगळ्या आवाजांत हा सर्वांत आवडता.

ओढण्याची एक मर्यादा मात्र मनात पक्की असावी. हवा ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्याच रुंदीएवढं दूर गेलं की वेग तोंडाशी असतो त्याच्या जेमतेम दहा टक्के उरतो. कारण ओढलेली हवा एका दिशेने येत नाही, चहूबाजूंनी गोळा होते. फुंकलेली हवा मात्र झोत धरून जाते आणि तोंडाच्या तीसपट अंतरावरही तिचा दहा टक्के वेग टिकतो. हा फरक ध्यानात आला की ब्लोअरची सोय असलेल्या यंत्राकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. एसीच्या जाळीमागची धूळ ओढून निघत नाही, कारण पट्ट्यांच्या मागे तोंड पोचतच नाही. तिथे फुंकायचं. सीट आणि मधल्या कप्प्याच्या सांदीत पडलेल्या चिवड्याला मात्र फुंकर घातली तर तो आणखी खोल जाऊन बसतो. तिथे ओढायचं, आणि अगदी टेकवून ओढायचं. म्हणून लांब मानेचं बारीक तोंड जिथे दिलंय तिथे घडवणाऱ्याने गाडीत वाकून, हात घालून पाहिलेलं आहे हे निश्चित.

या यंत्राचा सगळा सिद्धांत १९०१ साली एका रुमालात सापडला होता. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा ब्रिटिश अभियंता. लंडनमध्ये त्याने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की उडवण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? मग एका उपाहारगृहात त्याने मखमली खुर्चीवर रुमाल अंथरला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा ठसा उमटला होता. पुढे त्याने घोडागाडीवर बसवलेलं प्रचंड यंत्र बनवलं, रस्त्यात उभं करून लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या, आणि राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे साफ केले. मला मात्र त्या घोडागाडीपेक्षा रुमाल मोठा वाटतो. कापडाला टेकलेलं तोंड आणि धूळ अडवून हवा सोडणारं विणलेलं वस्त्र, दोन्ही गोष्टी त्यात होत्या. आणि पहिली परीक्षा घेतली गेली ती बसायच्या गादीचीच. आज आपण गाडीच्या सीटवर जे करतो ते थेट त्या खुर्चीचं पुढचं पान आहे.

ब्रशच्या तोंडाबद्दल थोडक्यात. त्याचे केस दोन कामं करतात. चिकटलेली धूळ सुटी करतात, आणि तोंड पृष्ठभागापासून ठरावीक उंचीवर धरून ठेवतात, म्हणजे हवेला खालून शिरायला वाट राहते. केस गालावर फिरवून पाहा. टोचले तर डॅशबोर्डवरच्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवर ओरखडे उठणार हे समजा. आणि केसांच्या मुळाशी, आतल्या बाजूला, प्लास्टिकची कड गोल केलेली असेल तर त्या कारखान्यात कुणीतरी स्वतःच्या गाडीवर जीव असलेला माणूस बसलाय.

तोंडातून आत गेलेल्या कणाचं पुढे काय होतं ते पारदर्शक डब्यातून पाहायला मिळतं, आणि हा भाग सावकाश पाहण्यासारखा आहे. हवा डब्यात सरळ न घुसता कडेने, डब्याच्या गोलाईला चाटून आत आली तर आत भोवरा तयार होतो. जड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीला लागतात आणि घसरत तळाशी येतात. हलकी हवा मधून वर जाते. खळ्यावर उफणताना वाऱ्यात दाणा जवळ पडतो आणि भुसा लांब जातो, त्याच जातीचं हे काम, फक्त वारा गोल फिरवलेला. लाकडाच्या वखारीतले असले मोठे भोवरे पाहून जेम्स डायसनला घरगुती यंत्राची कल्पना सुचली आणि त्याने ५,१२७ नमुने बनवले. ही संख्या मोठेपणासाठी सांगितली जाते, पण तिचा खरा अर्थ असा की भोवऱ्याचा आकार कागदावर सुटत नाही, घडवून घडवूनच हाती लागतो. छोट्या यंत्रांत ‘सायक्लोन’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी नुसता रंगवलेला असतो. परीक्षा सोपी आहे. डबा काढून हवेचं आतलं भोक बघा. ते कडेला, तिरकं असेल तर भोवरा आहे. मधोमध फिल्टरच्या समोर असेल तर नुसतं नाव आहे. खऱ्या भोवऱ्याच्या डब्यात काम संपल्यावर वाळू, कागदाचे कपटे, शेंगदाण्याची सालं तळाशी गोळा झालेली असतात आणि फिल्टरवर फक्त पिठासारखी बारीक धूळ. इतकी स्वच्छ वर्गवारी एका श्वासात झालेली पाहून मन प्रसन्न होतं.

त्याच भोकावर एक रबरी पडदा असतो, नखाएवढा. यंत्र चालू असताना हवा तो उचलून धरते, बंद केलं की तो आपोआप खाली बसतो. गाडीत यंत्र सारखं उलटंपालटं होतं. सीटखाली तोंड खाली, मागच्या काचेपाशी तोंड वर. पडदा नसेल तर बटण सोडल्याबरोबर जमवलेला कचरा तोंडावाटे पुन्हा सीटवर येतो. दुकानात बोटाने तो पडदा ढकलून बघा, झटकन मागे येतो का. दोन-चार रुपयांच्या रबरावर सगळ्या मेहनतीची राखण सोपवलेली आहे, आणि तो ती निमूट करतो.

फिल्टरची गोष्ट महाराष्ट्रात दोन मातींची गोष्ट होते. कोकणातली जांभ्याची लाल माती बुटाबरोबर गाडीत येते. देशावर आणि मराठवाड्यात काळी माती येते, बेसाल्टची झीज होऊन झालेली. तिच्यातला चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहूनही लहान. ओली असताना ती मॅटला चिकटते, वाळली की पायाखाली चुरून इतकी बारीक होते की नुसत्या जाळीतून आरपार जाते आणि यंत्राच्या मागून धुरासारखी बाहेर पडते. बंद गाडीत ती धूळ थेट आपल्या छातीत. इथे घड्यांचा फिल्टर लागतो. घड्या घातल्यामुळे तळहाताएवढ्या जागेत कितीतरी मोठं क्षेत्र मावतं, हवा त्यातून हळू जाते, आणि हळू गेल्यामुळे ओढ कमी खर्ची पडते. ‘हेपा’ म्हणवणाऱ्या फिल्टरने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवावेत असं अमेरिकेतलं मानक सांगतं. ०.३ हाच आकडा का? कारण साधारण त्या मापाचा कण पकडायला सर्वांत अवघड. त्याहून मोठे कण तंतूंवर आपटून किंवा घासून अडकतात. त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता कुठल्यातरी तंतूला जाऊन चिकटतात. मधल्या मापाचा कण दोन्ही सापळ्यांतून निसटू पाहतो, म्हणून परीक्षा त्याचीच घ्यायची. मोजमापाची इतकी प्रामाणिक रीत फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला आलेली आहे.

पण फिल्टर कितीही उंची असो, त्याच्या कडेची रबरी गोल पट्टी सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून पळते. म्हणून मी फिल्टर काढून परत बसवून पाहतो. शेवटच्या क्षणी किंचित जोर लागला आणि ‘टच्’ करून बसला, तर ठीक. बाहेर जाणाऱ्या हवेची भोकं कुठे आहेत हेही तेवढ्यात पाहून घ्यावं. ती पुढच्या बाजूला असतील तर आपण ज्या धुळीकडे निघालो तिलाच आधी उडवून लावतो. ती मागे किंवा बाजूला आणि मनगटाला वारा लागणार नाही अशी असतील, तर तो विचार मुद्दाम केलेला आहे.

दुकानात यंत्र चालू करून तोंडावर तळहात ठेवा आणि कान द्या. आवाजाची पट्टी चढते. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला. खरं तर तिचं ओझं उतरलेलं असतं. हवा वाहायची थांबली की पंख्याला ढकलायला काही उरत नाही आणि तो मोकळा होऊन आणखी वेगात फिरतो. पट्टी एकदम आणि स्वच्छ चढली तर आतले सांधे घट्ट आहेत, हवा कुठून चोरून आत येत नाही. थोडीच चढून अडकली, किंवा सोबत शीळ ऐकू आली, तर कुठेतरी फट आहे. हात लगेच काढून घ्यावा, कारण बऱ्याच छोट्या यंत्रांत मोटर थंड राहते ती याच हवेवर. हातात कुठलंही मापक नसताना, निव्वळ कानाने, यंत्राच्या पोटातली गळती ओळखता येते यात मला अजून नवल वाटतं.

आकाराच्या बाबतीत या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ब्लॅक अँड डेकरचं १९७९ सालचं डस्टबस्टर. कॅरल गँट्झ यांच्या रचनेतलं. त्याआधी याच कंपनीने अपोलो मोहिमांसाठी चंद्रावर भोक पाडणाऱ्या बिनतारी ड्रिलचं काम केलं होतं. कमीत कमी विजेत मोटरकडून जास्तीत जास्त काम कसं घ्यायचं याचा तिथे संगणकावर केलेला अभ्यास घरगुती उपकरणांच्या कामी आला. पण मला त्या यंत्राचा आकार महत्त्वाचा वाटतो. पुढून उतरतं, पाचरीसारखं तोंड; मागे मोटर आणि बॅटरीचं वजन; मधे मूठ. मुठीवर तोललं की दोन्हीकडची वजनं एकमेकांना सांभाळतात, आणि तोंड आपोआप पृष्ठभागाकडे कलतं. मनगट वाकवावं लागत नाही. आजची कितीतरी यंत्रं सरळ नळकांड्यासारखी असतात. दिसायला देखणी, पण दहा मिनिटं सीटखाली हात घालून ठेवला की मनगट बोलायला लागतं. नवं यंत्र घेताना तोंड खाली करून, हात पूर्ण लांबवून, थोडा वेळ तसंच धरून पाहावं. चांगला तोल असेल तर ते हातात असल्याचा विसर पडतो.

राहिला विजेचा प्रश्न, आणि इथे निवड खरोखर आपल्या राहणीवर ठरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीपाशी प्लग नसतो, म्हणून बॅटरीवरचं यंत्र सोयीचं. आत बहुतेक वेळा १८६५० मापाच्या लिथियम सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या तीन सेल मिळून साधारण २८ वॉट-तास होतात. यंत्र १२० वॉट खात असेल तर हा साठा चौदा मिनिटांत संपतो. खोक्यावर ‘तीस मिनिटं’ लिहिलं असेल तर ती कमी वेगावरची समजावीत. दोन वेगांचं बटण म्हणूनच मोलाचं असतं. डॅशबोर्डला मंद वेग, मॅटला पूर्ण. चौदा मिनिटं छोट्या गाडीला पुरतात, क्रम नीट लावला तर. आधी एसीच्या जाळ्या फुंकायच्या, मग वरून खाली ब्रश, मग सांदी आणि रूळ, शेवटी जमीन. मॅट बाहेर काढून उलटी झटकली की निम्मी वाळू बॅटरी न खर्चता जाते.

बॅटरीवरचं यंत्र गाडीत ठेवू मात्र नये. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांपुढे सहज जातं, आणि अशा उष्णतेत लिथियम सेल लवकर म्हाताऱ्या होतात. ज्यांना यंत्र कायम डिकीत हवं, प्रवासी गाडी चालवणारे, लांबचे प्रवास करणारे, त्यांनी तारेचंच घ्यावं, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं. त्या सॉकेटातून दहा अँपिअर घेतले तर ताकद १२० वॉटच्या पुढे जात नाही, आणि फ्यूज त्यावर पहारा ठेवून असतो. पंधरा मिनिटं इंजिन बंद ठेवून चालवलं तरी गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले जेमतेम अडीच जातात, तेव्हा तीही काळजी नको.

तारेच्या यंत्रात सर्वांत सुंदर भाग खुद्द तार असू शकते, आणि तिच्याकडे कुणी पाहतही नाही. पाच मीटर तार म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. आतला तांब्याचा भाग पाऊण चौरस मिलिमीटरचा असेल तर दहा अँपिअरला त्यातच सव्वादोन व्होल्टच्या वर खर्ची पडतात. बारातले दहाही मोटरपर्यंत पोचत नाहीत आणि तार हाताला गरम लागते. दीड चौरस मिलिमीटरची असेल तर ही तूट निम्म्यावर येते. म्हणून तार बोटांत धरून वाकवून पाहावी. ती जाड पण मऊ, वेटोळं घातलं की निमूट पडून राहणारी असावी, आणि यंत्रात शिरते तिथे रबराची कडी कडी असलेली बाही असावी, म्हणजे वाकताना ताण एका जागी न येता वाटला जातो. डिकीतून पुढच्या सॉकेटपर्यंत ती ओढून पाहा. मागच्या सीटचा शेवटचा कोपराही तिच्या आवाक्यात आला आणि प्लग जागचा हलला नाही, तर पैसे मोजायला हरकत नाही.